शहामृगासमोरच्या बाकावरची भोजली

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या बाबतीत मी तुम्हा सगळ्यांपेक्षा अनुभवी माणूस आहे. तरुणपणी आमच्या कामठ्याला दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची, तिच्यात रात्री नाटक व्हायचं आणि त्या नाटकात भूत असलं तर ते मीच असायचो. तोंडाला तांदळाचं पीठ, अंगावर बापाचं धोतर आणि विंगेतून अशी किंकाळी, की पुढच्या रांगेतली पोरं थेट आयांच्या पदरात! त्यामुळे पांढऱ्या कापडाच्या आत कोण असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. घामाने निथळणारा, मिशीत पीठ गेलेला एक माणूस असतो, बस्स. या विषयावरचा माझा विश्वास तिथेच संपला.

आता वय पन्नाशीच्या पुढे. गोंदियात मोटारपंपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पंप घ्यायला येतं आणि दोन गोष्टी ऐकून जातं, कधीकधी पंप न घेताच. पण ही गोष्ट मी दुकानात कुणाला सांगितली नाही. इथे सांगतोय, कारण इथे निदान कुणी मध्येच ‘भाऊ, गॅरंटी किती?’ असं विचारणार नाही.

जानेवारीतला रविवार. धानाची कामं संपलेली, हवा छान. माझी मुलगी पल्लवी हॉस्टेलमधून आली होती आणि तिने हट्टच धरला, की कोहमाऱ्याच्या पुढे हायवेला लागून जो नवा पार्क झालाय तिथे जायचं. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? मोठा आकाशपाळणा, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मागच्या बाजूला छोटं प्राणिसंग्रहालय... म्हणजे शहामृग, इमू, रंगीत पोपट, ससे, असं. वाघ-बिघ नाही. तो बघायचा तर आमच्याकडे तिकिटाची गरज नाही, नवेगावच्या रस्त्याने नशीब आजमावत फिरावं.

आम्ही चौघं गेलो. मी, माझी बायको सुनीता, पल्लवी आणि माझी माय. मायचे गुडघे गेलेले आहेत, पण जीभ एकदम शाबूत.

शहामृगाच्या जाळीसमोर ती थबकली. “एवढी मोठी कोंबडी?”

“आजी, शहामृग आहे ते,” पल्लवी म्हणाली.

“असन. पण याचं अंडं उचलाले माणूस लावा लागत असन.”

जाळीसमोर मोहाचं एक झाड आणि त्याखाली सिमेंटचा बाक. माय तिथे बसली ती बसलीच. म्हणाली, “तुमी जा बाप्पा, गोल गोल फिरून या. मी इथी कोंबडीसंग बसतो.” तिची मरून रंगाची शाल अंगावर नीट केली, जवळ पाण्याची बाटली आणि तिळाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि आम्ही आकाशपाळण्याकडे गेलो.

आता माझी जरा बेइज्जती ऐकून घ्या. खाली उभा असताना मी पल्लवीला सांगत होतो, की यापेक्षा उंच तर मी पंप उतरवायला विहिरीत उलटा लटकलोय. पाळणा वर गेला, सबंध पार्क ताटलीएवढा झाला आणि माझा आवाज बंद पडला. डोळे मिटायचे म्हटलं तर बायको बघत होती. म्हणून मी मान फिरवून खाली कुठेतरी नजर लावली... तर बरोबर समोर तो मोहाचा वृक्ष आणि तो बाक.

बाकावर माय होती आणि तिच्याशेजारी आणखी एक म्हातारी.

पोपटी साडी, डोक्यावर पांढरेशुभ्र केस. ती मायच्या कानाशी हात नेऊन काहीतरी करत होती, जसं आपण लहान मुलीच्या केसात फूल खोचतो तसं. मी सुनीताला कोपर मारलं. “मायले कोणीतरी गाठली.”

सुनीताने वाकून पाहिलं. “हो ना, हिरव्या साडीवाली. बरं झालं, कंपनी भेटली त्यांना.”

हे मुद्दाम लिहितो आहे. सुनीतानेही पाहिलं. नंतर ती म्हणू नये, की तुम्हाला चक्कर आली होती. चक्कर मला आलीच होती, पण ती वेगळी.

पाळणा खाली गेला, परत वर आला. दोघी हसत होत्या, बाकावरून पाय खाली सोडून हलवत. शाळेतल्या पोरींसारख्या. परत खाली, परत वर... आणि माय एकटी. हात वर करून कुणाला तरी निरोप देत होती. शहामृगाच्या जाळीच्या दिशेने. तिथे शहामृगाशिवाय कुणी नव्हतं.

खाली उतरून आम्ही बाकाशी आलो, तर माय इतकी खुश की तिच्याकडे पाहून मलाच हसू आलं. आणि तिच्या डाव्या कानाच्या मागे गव्हाचे कोवळे, पिवळट कोंब खोचलेले.

“पोरा, भोजली आली होती माही!”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे, छत्तीसगडला लागून असलेल्या भागात, श्रावणात मुली टोपलीत गहू पेरतात आणि अंधारात झाकून वाढवतात. म्हणून ते कोंब हिरवे नसतात, पिवळे असतात. ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. त्या वेळी दोन मैत्रिणी एकमेकींच्या कानामागे ते कोंब खोचतात आणि तिथून पुढे त्या एकमेकींच्या भोजली होतात. सख्ख्या बहिणीपेक्षा पक्कं नातं. पण एक अट आहे. मरेपर्यंत एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. फक्त ‘भोजली’ म्हणायचं. नाव घेतलं की नातं सुटलं.

मायची भोजली तिच्या माहेरची, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळची. लग्न होऊन ती डोंगरगडच्या पुढच्या एका खेड्यात गेली. दोघींचे आईबाप होते तोवर मंडईला माहेरी भेट व्हायची. मग ते गेले, माहेर मिटलं, भेटीही मिटल्या. मी तिला लहानपणी पाहिलं असेन, पण चेहरा आठवत नाही. आणि नाव? नाव मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात कुणालाच नव्हतं.

“मग गेली कुठं?” मी विचारलं.

“पाणी प्याले गेली. म्हणे, तू इथीच बस, हलू नको, मी आलीच. मंग दोघी मिळून पाळण्यात बसू.”

“बाटली तर इथेच आहे, आई,” सुनीता म्हणाली.

“ते म्हणे, नळाचं पितो.”

“बरं, राहते कुठं, आली कोणाबरोबर, फोन नंबर...?”

माय माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली, जशी लहानपणी पायाला चिखल लावून घरात शिरलं की बघायची. “नंबर कायले घेऊ? ते येऊनच राहिली ना!”

आम्ही बसलो. लाडू खाल्ले. पल्लवीने शहामृगाचा रील केला. भोजली काही आली नाही. मी नळाकडे जाऊन आलो, खाण्याच्या स्टॉलकडे जाऊन आलो, बायकांच्या टॉयलेटकडे सुनीताला पाठवलं. पोपटी साड्या भरपूर होत्या, पण एकही ती नव्हती. सुरुवातीला मला मजा वाटत होती, मग पायाला काटा रुतल्यासारखं व्हायला लागलं. बसवेना. उठवेना. मायचा तर डोळा त्या जाळीच्या कोपऱ्यावरून हलेना.

शेवटी मी तिला घेऊन गेटजवळच्या माईकच्या केबिनमध्ये गेलो. तिथली बाई हरवलेल्या पोरांची नावं पुकारून पुकारून कंटाळली होती.

“नाम बताइए.”

“भोजली,” माय म्हणाली.

“सरनेम?”

“सरनेम काय असते भोजलीले?”

“अम्माजी, पूरा नाम. घर का, स्कूल का, जो भी.”

मी मायच्या कानाशी लागलो. “माय, सांगून टाक ना. एकदा नाव पुकारलं की दोन मिनिटांत समोर उभी राहीन.”

“नाव घेतलं तं समोर जे उभी राहीन ते कोण राहीन रे?” माय म्हणाली. “भोजली तं नाई राहणार.”

माईकवाल्या बाईने खांदे उडवले आणि पुकारलं, “भोजली जी, भोजली जी, आप जहां भी हों, मेन गेट पर आ जाइए, आपकी सहेली...”

“सहेली नाई, भोजली म्हण!” मायने मध्येच तिला दटावलं आणि ते सबंध पार्कभर ऐकू गेलं. लोक हसले. मीही हसलो.

पण पुढे जे झालं त्याने माझं हसू गेलं. थोड्या वेळाने गेटकडे एक म्हातारी आली. नातवाचा हात धरून, धापा टाकत. मग आणखी एक, नाकात मोठी फुली, छत्तीसगडकडची असावी. मग तिसरी. तिघीही कुणाच्या ना कुणाच्या भोजली होत्या. तिघींनाही वाटलं, आपलीच भोजली बोलावते आहे. त्या केबिनच्या दारात उभ्या राहून मायच्या तोंडाकडे बघत होत्या, माय त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि कुणीच कुणाची नव्हती. फुलीवाली म्हातारी म्हणाली, “मोर भोजली तो कब के गुजर गे हे... मैं सोचेंव...” आणि पदर तोंडाला लावून परत वळली.

आमची मात्र आली नाही.

पार्क बंद व्हायला लागला. शहामृगाला शेडमध्ये घातलं. शिट्टी वाजवत वॉचमन आला. माय उठेना. मी समजावलं, सुनीताने समजावलं, पल्लवी तर पायाशी बसली. शेवटी मी थोडा चिडूनच म्हणालो, की माय, ती विसरून घरी गेली असेल.

“ते विसरत नाई,” माय म्हणाली. मग हळूच, “ते येईन. अना मी इथी नसन.”

गाडीत ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हातात ते गव्हाचे कोंब धरून कोहमारा मागे पडेपर्यंत मागच्या काचेतून बघत होती.

पुढचे दिवस मला काही सुधरत नव्हतं. एका शेतकऱ्याला तीन एचपीच्या जागी पाचचा पंप बांधून दिला, त्याने तो परत आणला आणि वर माझी तब्येत विचारून गेला. डोक्यात एकच. मी ती बाई पाहिली होती. सुनीताने पाहिली होती. ते कोंब आमच्या देव्हाऱ्यात होते. जानेवारीत भोजली पेरतं कोण? आणि माय जेवायला बसली की दर दोन घासांनी विचारायची, “कोणाचा फोन आला का रे?” कुणाचा यायचा होता? आमचा नंबर तरी कुणाकडे होता?

मी चोरखमाऱ्याला मामाकडे गेलो. मायचा धाकटा भाऊ. त्याला विचारलं, मायच्या भोजलीचं नाव काय?

“मले काय माहीत? आमी बी भोजलीबाईच म्हणत होतो,” मामा म्हणाला. “पण तिच्या भाच्याचं किराण्याचं दुकान आहे तलावापाशी. त्याले विचार.”

भाच्याकडून तिच्या मुलाचा फोन मिळाला. मी लावला. मुलगा मोठा सज्जन, हिंदीत बोलणारा. मी म्हटलं, “आपकी अम्मा रविवार को पार्क में आई थीं, हमारी माय से मिलीं...”

मग तो म्हणाला, “भैया, अम्मा तो दशहरे के पहले से खटिया पर हैं. कूल्हे की हड्डी टूटी है. करवट भी हम दिलाते हैं.”

मी दुकानाच्या स्टुलावर बसलो. म्हणजे भुताची गोष्ट हवी असणाऱ्यांसाठी वाईट बातमी. बाई जिवंत होती, बोलत होती, जेवत होती. फक्त घराबाहेर पडली नव्हती.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती म्हणाली, “खाटेवर पडली? अना तू इथी बसून काय करून राहिला? काहाड गाडी.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. सुनीता आली नाही. ‘तुम्ही जाऊन या, मला सांगा’ म्हणाली. ती घाबरली आहे हे मी ओळखलं, पण चिडवलं नाही. आमगाव, सालेकसा, मग छत्तीसगडची सीमा. माय समोरच्या काचेतून रस्ता बघत होती. एकदाच म्हणाली, “हळू चालव. पोहोचाच्या आधी मारू नको.” तिला काय हवंय ते मला कळत होतं. आणि मला काय नको होतं तेही. त्या घरात पोपटी साडीतली, पांढऱ्या केसांची तीच बाई निघू नये. किंवा निघावी. मला खरंच ठरवता येत नव्हतं.

घर सापडलं. कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. सून अंगणात तांदूळ पाखडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं. मी हात जोडून तोंड उघडलं, की आम्ही गोंदियाहून...

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मायकडे बघून हसली, सूप खाली ठेवलं आणि उठली.

“आज तो चाय पी के जाबे, दाई. ओ दिन बिना बताए चल देव!”

मी तसाच हात जोडून उभा. माय मात्र दार उघडून उतरलीसुद्धा. “पिईन, बाई, पिईन,” म्हणाली आणि काठी टेकत सरळ आत गेली. कोणती खोली, हे कुणाला न विचारता.

मी सुनेला विचारलं, कोणत्या दिवशी? ती म्हणाली, “रविवार को. दुपहरी में.” माय आली, सासूच्या खाटेवर बसली, दोघी हसत होत्या. ही चहा ठेवायला चुलीकडे गेली, कप घेऊन परत आली, तर नुसती सासू. म्हणाली, “मुझे लगा, बाहर गाड़ी में कोई रुका होगा. जल्दी होगी.”

“मरून रंगाची शाल?” मी विचारलं. हिंदीत काय म्हणतात ते सुचेना. “लाल-सी? गहरी?”

“वही, जो आज पहनी है.”

आणि मग तिने आपणहून सांगितलं, की सासूने नव्या वर्षात हट्ट धरून टोपलीत गहू पेरायला लावले. आता कुठे भोजली पेरतात, सावन में बोते हैं, असं समजावलं तरी ऐकेना. टोपली खाटेखालीच झाकलेली होती. त्या रविवारी संध्याकाळी पाहिलं, तर एका कोपऱ्यातले कोंब खुडलेले. “सोचा, चूहा होगा.”

हे सगळं ती तांदूळ निवडत, अगदी सहज सांगत होती. तिच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. एक पाहुणी आली होती आणि चहा न घेता गेली होती, तेवढाच काय तो राग.

तिने चहा दिला. मी अंगणातच बसलो. आतून बोलणं ऐकू येत होतं. मध्येच हसणं, मध्येच कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. मंडईतल्या त्या भुताला सांगा की चल, आत चल, पाया पड... पण भुताचे पाय अंगणातून हलेनात.

शेवटी मायनेच हाक मारली. चहाचा कप हातात घेऊनच आत गेलो. खाटेवर एक कृश म्हातारी, उशीला टेकवलेली, पांढरे केस. साडी साधी, मळखाऊ रंगाची. ती हीच होती का? पाळण्याच्या उंचीवरून पाहिलेला चेहरा मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता, माणसाचा.

आणि दोघींचं भांडण चाललं होतं.

“तू आली होतीस,” माय म्हणत होती. “मी कोंबडीपाशी बसली होतो.”

“चल! तू आली होतीस माह्या घरी. या खाटेवर बसली. मी तं हलूबी शकत नाई.”

“अना पाणी प्याले कोण गेलं?”

“तूच गेलीस. मी वाट पाहून राहिलो होतो. मले म्हणे, आलीच.”

“खोटी कुठली!”

“तू खोटी!”

दोघी हसत होत्या, रडतही होत्या. भोजलीने मायचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता, आता कुणालाच पाण्याला जाऊ द्यायचं नाही असा. मायने मला लगेच सांगून टाकलं, की मी आठ दिवस इथेच राहणार, कपडे पाठव.

नंतर मी कुणाकुणाला विचारलं म्हणता? डॉक्टर मित्र म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना असं होतं. मग सुनीता म्हातारी आहे का? सून म्हातारी आहे का? दुसरा म्हणाला, दिसायला सारख्या दोन बायका असतील. ठीक आहे, असतील, पण मग कोंब? एकाने तर मलाच सुनावलं, की तू नाटकवाला, तूच रचलं असशील. रचलं असतं तर यापेक्षा बरा शेवट केला असता, देवाशप्पथ. मला काहीच माहीत नाही. अजूनही नाही.

त्या खोलीत मात्र त्यांना लगेच उत्तर हवं होतं. भांडता भांडता दोघी थांबल्या आणि एकदम माझ्याकडे वळल्या.

“याले विचार,” माय म्हणाली. “हा वरतून पाहून राहिला होता. सांग रे, कोण कोणाकडे आलं होतं?”

आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलेला माणूस मी. हातातला कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

चहा केव्हाच संपला होता.